आपट्याच्या पानाचा मंडप

ज्या वर्षी परतीचा पाऊस दसरा उलटला तरी परतायला तयार नव्हता, त्या वर्षीची ही गोष्ट.

दोन निळ्या डोंगरांच्या ओंजळीत झुळूकवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला, मामाच्या गोठ्याला चिकटून एक खोपटं होतं. त्यात दोघी बहिणी राहायच्या. थोरली माणिक, धाकटी शेवू. आई-बाबा नव्हते. आईने जाताना दोनच गोष्टी मागे ठेवल्या होत्या. दारापुढचा झेंडूचा चिमुकला वाफा आणि हार ओवताना घालायची एक गाठ. माणिक ती गाठ उजवीकडे वळवायची. शेवू डावखुरी होती, म्हणून तिची गाठ डावीकडे वळायची. "उलटी शेवू, उलटी गाठ," असं माणिक तिला चिडवायची.

त्या वर्षी माणिकचं लग्न ठरलं. सोनगिरीचा केरबा सुतार, शांत, हसऱ्या डोळ्यांचा. मुहूर्त तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा, गोरजाच्या वेळेचा. शेवूला तर रोज स्वप्नं पडायची. ती करवली होणार होती! करवली म्हणजे नवरीची पाठची बहीण. हातात दिवा घेऊन नवरीच्या अगदी मागे उभी राहते ना, ती. त्या दिवसासाठी शेवूने एक लाल रेशमी रिबीन जपून ठेवली होती. रोज उघडून बघायची, गालाला लावायची, परत गुंडाळून ठेवायची.

पण केरबाची आई, सगुणाबाई, बोलणी करायला आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आमच्या सोनगिरीत शरदात लग्न असलं, की मंडपही शरदाचाच लागतो. उसाचे खांब, झेंडूच्या माळा, भाताच्या पिवळ्या लोंब्या आणि वर आपट्याच्या पानांचं छत. मुलीकडच्यांनी करायचं. पत्र्याखाली, ताडपत्रीखाली आमच्याकडे अक्षता पडत नाहीत. तसलं काही दिसलं तर वेशीवरूनच बैल वळवू."

"सगळं होईल, विहीणबाई," मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाला होता. "मी आहे ना!"

मामा होता, हे खरं. पण नुसताच होता.

माणिकने कोळशाने भिंतीवर यादी लिहिली. ऊस. झेंडू. लोंब्या. आपटा. मग पाऊस आला आणि सगळा झेंडू वाफ्यातच काळा पडून कुजला. तिने झेंडू खोडला. शेतातला भात आडवा झाला, लोंब्या चिखलात रुतल्या. तिने लोंब्या खोडल्या. ऊस मामाच्या मळ्यात होता, पण मामा म्हणाला, "अगं, तोडला की त्याची गोडी जाते." तिने ऊस खोडला. उरला आपटा.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी शेवू टोपली घेऊन रानाच्या कडेला गेली. तिथे एकच आपटा होता आणि त्याच्यावर एकही पान नव्हतं. दसऱ्याला पाच गावांनी त्याचं सोनं लुटलं होतं. पानंच काय, फांद्यासुद्धा ओरबाडल्या होत्या. एक फांदी तर मोडून सालीच्या धाग्यावर लोंबत होती, दुखऱ्या हातासारखी.

शेवू रिकामी टोपली घेऊन खाली बसली. रडू येणारच होतं, पण तेवढ्यात तिची नजर त्या फांदीवर गेली.

"किती दुखत असेल रे तुला!" ती म्हणाली.

तिने ओली माती आणि शेण कालवून फांदीच्या जखमेवर थापलं. आता बांधायला काय? तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच केसातली लाल रिबीन सोडली. आजच पहिल्यांदा माळली होती, कशी दिसते बघायला. तिने फांदी नीट जागेवर धरली आणि रिबिनीची घट्ट गाठ मारली. आईची गाठ, डावीकडे वळणारी.

तोच कानाशी कुणीतरी शिंकलं.

दचकू नका. शेवू मात्र दचकली, टोपलीवरच पडली. फांदीवर बोटभर उंचीची एक परी बसली होती. पंख आपट्याच्या पानासारखे, दोन सारखे गोल अर्धे, मध्ये जुळलेले. एक हिरवा, एक सोनेरी. अंगावर दवाचे कण लुकलुक करत होते. पण चेहरा चांगलाच फुरंगटलेला.

"सोनं, सोनं म्हणत सगळे लुटून नेतात," परी म्हणाली. "झाडाला विचारायची रीत कुणालाच नाही. तू पहिली, जी न्यायला आलीस आणि देऊन बसलीस. काय नाव तुझं?"

"शे... शेवू."

"मी शरदपरी." तिने हवेतून एक पान काढून शेवूच्या तळहातावर ठेवलं. ते चांदण्यासारखं चमचमत होतं. "आपट्याचं पान एकच असतं, पण अर्धे दोन. म्हणून मागण्या दोन. पण नियम नीट ऐक हं. मागायचं ते दुसऱ्यासाठीच. मागितलेलं मिळालं, की त्याच्या सावलीत तू पाऊल टाकायचं नाहीस. टाकलंस, तर सगळं वाळून गळून जाईल. आणि अक्षता पडेपर्यंत कुणाला एक अक्षर सांगायचं नाही."

शेवूने एकदाही विचार केला नाही. तिथेच चुकली म्हणा, किंवा तिथेच जिंकली म्हणा.

"माझ्या ताईच्या लग्नाला शरदाचा मंडप दे!"

पानाचा अर्धा भाग विरघळला. वाऱ्याची एक केशरी झुळूक गावाकडे धावत सुटली. मागोमाग शेवूही धावत सुटली.

आणि काय सांगू! खोपट्यापुढे मंडप उभा होता. जांभळ्या उसाचे उंच खांब, झेंडूच्या गोंडेदार माळा, मोत्यांसारख्या लोंब्यांची झालर आणि वर हजारो सोनेरी आपट्याची पानं, सळसळणारी, झळझळणारी! शेवू टाळ्या वाजवत आत धावणार, इतक्यात तिचं पाऊल हवेतच थांबलं.

मंडपाची सावली तिच्या अंगठ्यापासून चार बोटांवर होती.

आता तिला कळलं. करवली कुठे उभी राहते? नवरीच्या मागे. नवरी कुठे उभी राहते? मंडपात.

"शेवू, बघ गं! ये ना आत!" माणिक आतून हाक मारत होती. हसत होती, रडत होती. तेवढ्यात मामा आला, मागोमाग शेजारीपाजारीही आले. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं दिसल्यावर त्याने मिशीवरून हात फिरवला.

"करावं लागतं, पोरी," तो म्हणाला. "भाचीचं लग्न आहे."

माणिक त्याच्या पाया पडली. शेवू उन्हात उभी राहून बघत राहिली.

घराचं पुढचं दार मंडपातच उघडत होतं, म्हणून शेवू गोठ्याच्या बाजूने, म्हशीच्या शेपटीखालून वाकून घरात गेली. रात्रीची भाकरी थापता थापता माणिक म्हणाली, "उद्या संध्याकाळी तुळशीचं उरकू. परवा तुझे केस मी विंचरीन. रिबीन कुठंय तुझी?"

"हरवली."

"बरं, शेवंतीची वेणी घालू. दिवा मात्र नीट धर हं, वाऱ्यात..."

"ताई, मी नाही होणार करवली."

माणिकचा हात पिठातच थांबला. "का गं?"

शेवूने ओठ घट्ट मिटले. अक्षता पडेपर्यंत एक अक्षर नाही.

"अगं, काहीतरी बोल. अंग दुखतंय का? कुणी काही म्हणालं का?" माणिकने वाट पाहिली. मग तिचा आवाज बदलला. "कळलं मला. ताईचं चांगलं झालेलं बघवत नाही तुला. मी जाणार, तू इथे राहणार, म्हणून माझ्या लग्नात तोंड फुगवून बसायचं. हो ना? ठीक आहे. मामाची लेक हौसा उभी राहील. त्यांनीच तर मंडप घातलाय."

शेवू भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंतीवर कोळशाची यादी होती, सगळी खोडलेली.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी सोनगिरीच्या गाड्या वेशीवर आल्या. सगुणाबाई मंडपाभोवती दोनदा फिरल्या. बोट ठेवायला जागा सापडेना, म्हणून त्या नवरीकडे वळल्या.

"मंडप बरा आहे. मुलगी जरा वाळकीच वाटतेय. आणि साडी जुनी आहे का गं ही?"

माणिकची मान खाली गेली. गोठ्याआड लपून बघणाऱ्या शेवूने उरलेलं अर्धं पान मुठीत आवळलं.

"शरदपरी, ताईला सासरी कुणी टोचून बोलू नये, एवढं कर."

परी गोठ्याच्या कुडावर येऊन बसली. तिचे पंख मिटलेले होते. "ते मला येत नाही, शेवू."

"पण तू परी आहेस ना?"

"पानं माझ्या हातात आहेत, फुलं आहेत, दव आहे. माणसांच्या जिभा नाहीत गं. दुसरं काही माग."

शेवूला दुसरं काही सुचेना.

गाई परतल्या, धूळ सोनेरी झाली. मंडपात अंतरपाट धरला. पलीकडे केरबा, अलीकडे माणिक आणि माणिकच्या मागे हौसा, नवं परकर-पोलकं घालून, दिवा तिरका धरून.

"हौसे, सरळ धर," मामी कुजबुजली.

"जड आहे गं!" हौसा म्हणाली. तेवढ्यात डोंगरावरून एक झोत आला आणि भप्प! दिवा विझला.

मंगलाष्टक अर्ध्यावर थांबलं.

"दिवा विझला!" सगुणाबाई ओरडल्या. "नवरीच्या पाठचा दिवा! उतरवा अंतरपाट. असलं अशुभ मी घरात नेणार नाही. केरबा, चल!"

केरबा जागचा हलला नाही, पण त्याच्या काकाने त्याचा दंड धरला. अंतरपाटाचं एक टोक खाली आलं. अंधारात माणिक एकटीच उभी होती. तिच्या मागे जिथे बहीण असते, तिथे रडणारी हौसा होती.

शेवू धावली. सावलीच्या अगदी कडेला येऊन थांबली.

"परी! ताईच्या पाठचा दिवा लाव!"

"हौसाच्या हातातला?" कानाशी आवाज आला. "नीट विचार कर. शेवटची मागणी आहे."

"कुणाच्याही हातातला असू दे!"

मुठीतलं पान विरघळलं. हौसाच्या दिव्यात आधी एक ठिणगी, मग एक कळी, मग लखलखती सोनपिवळी ज्योत उमलली. इतकी उंच, इतकी निर्मळ, की मंडपाचं पान न् पान उजळून निघालं.

त्या उजेडात माणिकने वर पाहिलं. छताची एकेक माळ गाठीने बांधलेली होती. आईच्या गाठीने. शेकडो गाठी, आणि झाडून सगळ्या डावीकडे वळलेल्या.

माणिक गर्रकन मागे वळली. मंडपाबाहेर, सावलीपासून चार बोटांवर, अनवाणी शेवू उभी होती. केस मोकळे, मूठ रिकामी.

"शेवू," माणिक म्हणाली. "आत ये."

शेवूने मान हलवली. नाही. डोळे भरले होते, पाय मात्र हलला नाही. माणिकने छताकडे पाहिलं, शेवूच्या पायांकडे पाहिलं. सगळं नाही, पण पुरेसं तिला कळलं.

"भटजी, म्हणा पुढचं," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि सासूबाई, पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर शेवूच येणार. दुसरं कुणी नाही."

नवी नवरी इतकी मोठ्याने बोलते, हे सोनगिरीने पहिल्यांदाच ऐकलं. केरबा अंतरपाटामागून हसून म्हणाला, "येऊ दे की, आई."

"चार दिवस," सगुणाबाई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी परत."

अक्षता पडल्या. माणिकने हौसाच्या हातातून दिवा घेतला, मंडपाबाहेर पाऊल टाकलं आणि तो शेवूच्या हातात दिला. मग तिला इतकं घट्ट मिठीत घेतलं, की मुंडावळ्या शेवूच्या केसांत अडकल्या. करवली पुढे निघाली, मंडपापासून गाडीपर्यंत. वीस पावलंच होती, पण शेवूने ती फार हळू टाकली.

गाडी वेशीबाहेर पडली, मंडपाचं काम संपलं आणि तो सगळाच सळसळत खाली आला. त्याखाली मामा उभा होता, पाव्हण्यांना सांगत होता, "करावं लागतं!" कानापर्यंत पाचोळ्यात बुडाला तो.

पाचव्या दिवशी शेवू परत आली. खोपट्यात एकच ताट होतं, एकच घोंगडी. ती हातात पणती घेऊन तशीच आपट्याकडे गेली. परी तिची वाट बघत होती.

"तुला स्वतःसाठी काही मागता आलं असतं," परीने विचारलं, "तर काय मागितलं असतंस?"

शेवूने बांधलेल्या फांदीवरून हात फिरवला.

"ताई जाऊच नये, असं मागितलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तुझा नियमच बरा होता."

परीने फांदीची रिबीन सोडली. जखम भरली होती. रिबीन तिने शेवूच्या केसात बांधली, गाठ डावीकडे. मग आपला सोनेरी पंख उपटला आणि त्याचे दोन तुकडे केले. एक शेवूच्या पणतीत टाकला. दुसरा फुंकर घालून डोंगरापलीकडे, सोनगिरीला उडवला.

"अगं, तुझा पंख!"

"झाडालाही द्यावंसं वाटतं गं, कुणी विचारलं तर," परी म्हणाली. उरलेला हिरवा पंख तिने एकदा फडफडवला. आपट्याच्या फांदीफांदीवर कोवळी पानं फुटली, सगळं रान सोनेरी उजेडाने भरून गेलं आणि उजेड ओसरला तेव्हा फांदीवर कुणीच नव्हतं.

तेव्हापासून पाच गावं दसऱ्याला आपट्याशी येतात, तेव्हा आधी शेवूला विचारतात. शरदातल्या लग्नांचे मंडप तीच बांधते, आणि तिला कुणी उलटी म्हणत नाही.

रोज गोरजाच्या वेळी सोनगिरीत माणिक दिवा लावते, आणि त्याच क्षणी इकडे शेवूची पणती आपोआप पेटते. कधी ज्योत शांत असते. कधी एकदम थरथरते. वारा नसतो, काही नसतं, तरी थरथरते. मग शेवूला कळतं, आज सगुणाबाई काहीतरी बोलल्या. ती दोन्ही हातांचा आडोसा करून पणतीपाशी बसते. हलत नाही, उठत नाही.

हळूहळू ज्योत सरळ होते. इथलीही, आणि तिथलीही.