सरदारांनी रिकामी केलेली टोपली

सरदार हैबतरावांना माडवलीतली भट्टी पाडून तिथे घोड्यांची पागा बांधायची होती, आणि तीही पुरीमच्या तोंडावर.

माडवलीत बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, वीस-बावीस घरं. पुरीमच्या सणाला प्रत्येक घरातून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे खाऊची टोपली जायची. तो सगळा खाऊ भाजला जायचा त्यांच्यातल्याच एल्लोजी तेल्याच्या परसातल्या या एकाच भट्टीत. एल्लोजी मुलीला, मलकाला, घेऊन गढीवर गेला आणि सरदारांपुढे हात जोडून उभा राहिला.

सरदार मिशीत हसले. "भट्टी हवी ना? मग तुमच्या सणाची टोपली इथे आणा. मी त्यातलं सगळं खाणार. तरीही टोपली भरलेली राहिली तर भट्टी तुमची, रिकामी झाली तर माझी. आणि मी खाल्ल्यावर तुमच्यापैकी कुणी आत एक दाणाही टाकायचा नाही."

एल्लोजीचा चेहरा उतरला. मलका म्हणाली, "आणते, सरकार."

घरी आल्यावर आई कपाळाला हात लावून बसली. "अगं, हे कसं जमायचं?"

"आधी करंज्या तर भाजू," मलका म्हणाली.

आईने खजुराचं सारण केलं, आत्याने पारी लाटली, मलकाने तिकोनी करंज्या वळून भट्टीत लावल्या. एल्लोजीने माडाच्या झावळ्यांची टोपली विणली. तिच्या काठाला हळदीत आणि कुंकवात रंगवलेल्या पट्ट्या गुंफल्या. इतकी देखणी टोपली त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

सणाच्या सकाळी मलकाने टोपली सरदारांपुढे ठेवली. दिवाणखाना माणसांनी भरला होता. सरदारांनी पहिली करंजी खाल्ली, डोळे मिटले आणि मग थांबलेच नाहीत. शेवटी बोटाने तळाचा चुराही टिपून खाल्ला. टोपली उपडी करून म्हणाले, "पाहा सगळ्यांनी. रिकामी."

"बरं, सरकार," मलका म्हणाली. तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. "निघते. एवढंच सांगा, बाजारातून जाताना कुणी विचारलं तर काय सांगू?"

"काय विचारणार?"

"सणाची टोपली गढीवरून रिकामीच परत चालली, हे लोकांना दिसेलच. आमच्याकडे शेजारीण वाटीभर सांजा देते, तरी तिची वाटी आम्ही रिकामी परत करत नाही. लोक म्हणतील, सरदारांच्या कोठीत द्यायला काहीच नव्हतं का?"

सरदार एकदम ताठ बसले. "कोण म्हणेल तसं? कोठीवाले, इकडे या!"

बुंदीचे लाडू आले, काजू आले, खडीसाखर आली. सरदारांनी स्वतःच्या हाताने टोपली शिगोशीग भरली. वर एक जरीचा खण ठेवला आणि म्हणाले, "आता जा बाजारातून. सावकाश जा."

मलका जागची हलली नाही. तिने टोपली त्यांच्यापुढे खाली ठेवली.

"सरकार, आपण सगळं खाल्लंत. आमच्यापैकी कुणी आत दाणाही टाकला नाही. आता टोपली कशी आहे, ते आपणच सांगा."

सरदारांनी टोपलीकडे पाहिलं, मग लाडवाची कळी चिकटलेल्या आपल्या बोटांकडे. आणि ते असे हसले, की हसता हसता फेटा कानावर आला.

"भरलेली आहे, पोरी. भट्टी तुमची. आणि पागेसाठी आणलेल्या विटाही घेऊन जा, आणखी एक भट्टी बांधा. तिच्यातल्या करंज्या मात्र दर पुरीमला मला हव्यात."

"देऊ की, सरकार," मलका म्हणाली. "टोपलीतून."