तांबडीने टाळलेला चटका

रेडिओ कपाटाएवढे असायचे आणि बातम्या सांगताना त्यांनाच घाम फुटायचा, त्या काळातली गोष्ट. तांबडी नावाच्या वायरीला सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेशी जोडायचं होतं. दोनदा ती ओरडली, "काका, मला चटका नको! वरूनच वितळलेलं सोल्डर टाका." सोल्डरगनकाकांनी दोन्ही वेळा आपल्या तापलेल्या टोकावरून टाकलं. ते मोत्यासारखं चकाकलं आणि हात लागताच निखळलं.

या ओढाताणीत आता रेघेची कड बोर्डावरून सुटायला लागली होती. "तांबडे, आणखी एकदा असं झालं तर मी उखडेन," रेघ म्हणाली. "मग रेडिओ भंगारात, आणि आपणही."

"काका, फार पोळेल का हो?"

"पोळेल. दोघींना एकदमच, दोन श्वास. सोल्डर तुमच्या अंगाच्या उष्णतेनं वितळलं पाहिजे, नुसत्या माझ्या नव्हे."

तांबडीने डोळे मिटले. काकांनी दोघींना एकदम टोक टेकवलं, चर्र झालं. सोल्डर पाण्यासारखं दोघींवर पसरलं. काका बाजूला झाले, पण तांबडीला राहवेना.

"चिकटलं का गं? जरा ओढून बघू?"

"हललीस तर खबरदार! सोल्डर अजून पातळ आहे!" रेघ किंचाळली.

सोल्डर निवेपर्यंत तांबडी तसूभरही हलली नाही. रेडिओ खरखरला, मग गाऊ लागला.

आजही कोणी विचारतं, "घट्ट आहेस ना?" तांबडी हलून दाखवत नाही.