शिवलं त्याच्यावर राज्य

माळ मोठा होता आणि त्याला मालक नव्हता. काळविटांचा कळप चरत चरत पुढं जायचा, मागं गवत वाढलं की परत यायचा. मधोमध एक खोलगट लवण होतं. तिथं मारवेल गवत छातीएवढं वाढे, म्हणून हरणी व्यायच्या त्या तिथंच.

मग मेंढरं आली. वाईट नव्हती बिचारी, भुकेली होती. पण गवत खात ती मुळापासून, आणि त्यांच्या राखणीला कुत्री असत. कुत्र्यांनी शब्द दिला, "लवण तुमचं. तिकडं कुणी फिरकणार नाही." दोन पावसाळे शब्द टिकला. तिसऱ्या साली मेंढरं लवणात उतरली.

एक गाभण हरणी थोरल्या काळविटाकडं गेली. "भावजी, माझे दिवस भरत आले. आता कुठं जाऊ?"

"उद्या सोडवतो लवण. वैनी, तुम्ही घोर लावून घेऊ नका."

काळविटांची लढाईची रीत जुनी. जीव घेणं काय, कुणालाही जमतं. शत्रूच्या अंगाला शिंगाचं टोक नुसतं लावायचं आणि जिवंत परत यायचं, ही खरी मर्दुमकी. ज्याला शिवलं तो हरला. त्यानं मुकाट निघून जायचं. शेजारचे कळप आजवर असेच गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळविटं कुत्र्यांत शिरली आणि एकूणएक कुत्र्याला शिवून परतली. रक्ताचा थेंब सांडला नाही.

थोरल्या कुत्र्यानं अंग झटकलं. "शिवणापाणी खेळताय होय? बरं. शिवलंत ना आम्हाला? मग आता राज्य आमच्यावर."

काळविटांना वाटलं, हार कबूल केली. हरलेल्याला जाताना बघू नये, एवढी रीतभात त्यांच्यात होती. सगळ्यांनी पाठ फिरवली.

कुत्री पाठीमागूनच आली.

थोडी काळविटं उरली, ती खडकाळ चढाला लागली. थोरला त्यांत नव्हता.

हरणी मात्र लवणात आली. दुसरी जागा तिला ठाऊकच नव्हती. तिथं नुसती माती उरली होती. पाडस झालं. तिनं ते चाटून कोरडं केलं, आणि त्याचा माग कुणाला लागू नये म्हणून लांब जाऊन, भलतीकडंच तोंड करून उभी राहिली. काठावर कुत्री बसली होती.

पाडसानं कान मिटले, मान उघड्या मातीला टेकवली आणि आपण कुणाला दिसू नये म्हणून श्वास रोखून धरला.