डोलकाठीच्या टोकाला भोपळा

आईशप्पथ, गोष्ट खरी आहे. म्हणजे खाडी खरी, होडी खरी, भोपळा तर खराच. बाकीचं दाभोळात सांगतात तसं. आणि दाभोळात दोन माणसं एकसारखं सांगत नाहीत.

“होडी आडवी पडते ते ठीक आहे हो चाचा. पण तिथून पूर्ण उलटी होऊ नये म्हणून काय करायचं?”

विचारणारा अंबरीश गद्रे, पुण्याचा. ज्यांना विचारलं ते बशीरचाचा मुकादम, खाडीकाठी जाळं शिवत बसलेले. वय सत्तरच्या पुढे कुठेतरी.

चाचांनी गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

“भोपळा बांधायचा.”

“थट्टा करताय?”

“भोपळ्याची थट्टा मी करत नाही.”

होडी अंबरीशचीच. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये ताणलेली जाळी, मधोमध उंच डोलकाठी. कॅटमरान म्हणतात तिला. वाऱ्यावर सुसाट पळते. कलंडली की डोलकाठी पाण्यावर आडवी पडते. तिथं थांबली तर पुन्हा उभी करता येते. नाही थांबली तर काठी खाली, पोट वर आणि माणसं जाळीखाली.

मागच्या रविवारी जाळीखाली क्षिप्रा होती. अंबरीशची बायको. दीड मिनिटानं बाहेर आली, पोटभर खारं पाणी ओकली आणि म्हणाली, “परत असं झालं तर ही होडी राहील, नाहीतर मी.”

अंबरीशला होडी सोडवत नव्हती. बायको तर त्याहून नाही. म्हणून तो इथं आला होता. क्षिप्रा मागे धक्क्यावर बसून बघत होती. 

“चाचा, भोपळा लहान पोरं बांधतात. पोहायला शिकताना. पाठीला.”

“मग?”

“मी खडकवासल्याला होड्यांच्या शर्यतीत दोन कप जिंकलेत.”

“धरणात?”

“हो.”

“धरणात वारा मालकाला विचारून येतो, पुणेकर.”

चाचांनी माळ्यावरून सुका भोपळा काढला. कलिंगडाएवढा, भोक मेणानं बुजवलेला. होडी वाळूवर कलती केली आणि तो डोलकाठीच्या अगदी टोकाला करकचून बांधला.

होडी उभी राहिली. टोपी घातल्यासारखी दिसत होती.

अंबरीशनं आजूबाजूला पाहिलं. कोणी ओळखीचं नव्हतं. तरी त्याचे कान लाल झाले.

खाडीच्या मध्यावर वारा भरला. शीड ताठ झालं. एका अंगाची होडी पाण्यातून वर उचलली गेली, आणि तिच्यावर अंबरीश आणि चाचा बाहेरच्या बाजूला वजन टाकून बसले. बरोबर जिथं बसायला हवं तिथं.

मग चाचा उठले.

“चाचा, बसा.”

चाचा जाळीवरून चालत पलीकडं गेले. जिकडं होडी आधीच कलली होती, तिकडं. आणि ओट्यावर बसावं तसे उकिडवे बसले.

“चाचा! काय करताय? अहो…”

होडी कलंडली.

अंबरीश पाण्यात गेला नाही. इतक्या वर्षांची सवय. हाताला आलं ते त्यानं गच्च धरलं, आणि हाताला आलं ते सगळ्यात वरचं. डोलकाठी पाण्यावर आडवी पडली होती. वरच्या होडीचा काठ धरून अंबरीश डोलकाठीच्या बाजूनं लोंबकळत होता.

“सोड,” खालून आवाज आला. चाचा खालच्या होडीला धरून गळ्याइतक्या पाण्यात होते.

“सोडू? वेडे झालात काय? धरून ठेवलंय म्हणून तरी…”

“भोपळा बघ.”

भोपळा अर्धा बुडाला होता.

अंबरीशनं मूठ आणखी घट्ट केली. भोपळा पूर्ण दिसेनासा झाला. डोलकाठीचं टोक पाण्याखाली चाललं. वरची होडी हळूहळू त्याच्या डोक्यावर येऊ लागली.

धक्क्यावर क्षिप्रा उभी राहिली.

“चाचा, जातेय! उलटी जातेय!”

चाचांनी खालच्या होडीवर एक कोपर टाकलं, मान वर केली आणि अंबरीशच्या टाचेचा कडकडून चावा घेतला.

अंबरीश किंचाळला. हात सुटले. तो धप्पकन पाण्यात पडला.

भोपळा उसळी मारून वर आला.

होडी डोलली… आणि आडवीच थांबली. तशीच, निवांत, एका कुशीवर.

धक्क्यावर क्षिप्रा खाली बसली.

अंबरीश पोहत खालच्या होडीजवळ आला. टाच ठणकत होती. सत्तरीच्या माणसाला इतके दात असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

“म्हणजे त्या दिवशीपण… वर लटकून मीच उलटी केली?”

चाचांनी मान डोलावली.

“मग भोपळा कशाला बांधला?”

“तू ऐकणार नव्हतास. म्हटलं, बघशील तरी.”

पाणी होडीच्या पोटाला चुबूक चुबूक करत होतं…

मग अंबरीशला राग आला. “मुद्दाम पाडलीत तुम्ही! या वयात! हात निसटला असता तर? किती लांब पोहत जावं लागलं असतं?”

“अजिबात नाही.”

“म्हणजे?”

“मला पोहता येत नाही.”

अंबरीशचं तोंड उघडं राहिलं. त्यात लाट गेली. तो खोकला.

“साठ वर्षं समुद्रात काढलीत तुम्ही!”

“समुद्रात नाही. होडीत.”

अंबरीशनं चाचांच्या बोटांकडं पाहिलं. होडीच्या काठावर पांढरी पडली होती. मग खाडीच्या काठाकडं पाहिलं. फार लांब होता.

“चल,” चाचा म्हणाले. “आता माझी फी दे.”

“फी? आत्ता? इथं?”

“आत्ताच. मला काठाला ने.”