कातळाला लावलेले कान

एका डोंगरमाथ्यावर, काळ्या कातळाच्या पठारावर, सशांची एक वस्ती राहत असे. चारापाणी मुबलक, खोट एकच. धुके उतरले की काही दिसेनासे होई आणि नेमका तेव्हाच लांडगा येई. अशाच एका धुक्यात त्याने एका सशिणीचे पिल्लू उचलून नेले. उरलेल्या दोघांसाठी तिचा जीव टांगणीला लागला.

दरीपलीकडच्या गुहेतल्या वटवाघळांना डोळ्यांनी न बघताही समोरचे सारे कळते, हे तिला ठाऊक होते. ती त्यांच्याकडे गेली. "दादा, तुमची विद्या आम्हाला शिकवा. लांडगा कुठून येतो, एवढे कळले तरी पुरे."

म्होरक्या उलटा लटकूनच म्हणाला, "ही विद्या गुहेबाहेर द्यायची नाही, असा आमचा ठराव आहे. आणि तुम्हा गवतखाऊंना ती पेलायचीही नाही." गुहेच्या तोंडाशी बसलेल्या घुबडाला दया आली, तर म्होरक्याने त्यालाही दटावले, "त्यांना काही शिकवलेस, तर तुझा-आमचा संबंध संपला!"

सशीण रडत बसली नाही. तिने कातळाला कान लावला. दूरची पावलेही त्यात घुमत होती. झाले, सारे ससे ऐकायला बसले! पण सशाची खोड तुम्हाला माहीत आहे ना? भ्याला की तो मागचे पाय आपटतो. एकाने चाहूल लागताच पाय आपटले, त्याचे ऐकून साऱ्यांनी आपटले आणि त्या धडधडाटात लांडग्याची पावलेच बुडाली. पिल्ले थोडक्यात वाचली. वटवाघळे खो खो हसली.

"हसू देत," सशीण म्हणाली. "कान आपले चांगलेच आहेत, पाय तेवढे आवरायला शिकू."

मग रोज सराव सुरू झाला. म्हशीचे पाऊल कोणते, कोल्ह्याचे कोणते, लांडग्याचे कोणते, हे ससे हळूहळू ओळखू लागले. पाय आपटायचे ते फक्त पहारेकऱ्याने. बाकीच्यांनी गप्प राहायचे.

पुन्हा दाट धुके पडले. लांडगा पायथ्याशी होता, तोच पहाऱ्यावरच्या सशिणीने पाय आपटले. दुसरा एकही पाय वाजला नाही. पिल्लांना मधे घेऊन सारी वस्ती पलीकडच्या उतारावर निघून गेली. लांडग्याने एकेक जाळी हुंगली; नाकात काटे तेवढे घुसले. पिल्लांना कुशीत घेताना सशिणीचा ऊर अभिमानाने भरून आला. का येऊ नये?

काही दिवसांनी म्होरक्या स्वतःच आला. "ठराव बदललाय बरं का! आता आमची विद्या तुम्हाला देता येईल."

"या दादा, पाहुणचार घ्या," सशीण म्हणाली. "तुम्ही तेव्हा नाही म्हणालात, हे बरेच झाले. नाहीतर धुके पडले की आम्ही आजही तुमच्या तोंडाकडे बघत बसलो असतो."

तात्पर्य : कोणी विद्येचे दार लावून घेतले, तर हातपाय गाळू नयेत, चुकतमाकत स्वतः मिळवलेली विद्या कोणी अडवू शकत नाही.