पांगाऱ्याचे दोन खांब

हरणगावच्या माळावर, दक्षिणेच्या अंगाला, हे दोन पांगारे उभे आहेत. त्यांच्यामध्ये बरोबर आठ ढांगांचं अंतर. पाहुणे विचारतात, झाडं कुणी अशी मोजून लावतं का? तर ही झाडं कुणी लावलीच नाहीत. हे फुटबॉलच्या गोलाचे खांब आहेत. त्यांना पालवी कशी फुटली, ते जुनी माणसं सांगत आली तसंच सांगायचं. घाई नसेल तर बसा जरा.

शंभरावर वर्षं झाली असतील. हरणगाव तेव्हा संस्थान होतं. नकाशात बोटाखाली झाकेल एवढं, पण इथल्या माणसाला तोच देश आणि शिवेपलीकडे परमुलूख. गादीवरच्या धाकट्या सरकारांना चेंडूचं भारी वेड. त्यांनी मुलखातून अकरा गडी निवडले, निळे सदरे दिले आणि म्हणाले, आता तुम्ही म्हणजेच हरणगाव.

गोलात उभा राहायचा गुंडू सुतार. लांब बोटांचा, कमी बोलणारा. घरात एकटी आई, सगुणा. ती डोळ्यांनी गेलेली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही.

त्या साली दसऱ्याला हंगाम सुरू झाला. बैलगाड्या जुंपून गडी दहा ठिकाणी खेळून आले आणि दहाही सामने हरले. समोरच्यावर एक गोल म्हणून झाला नाही. परत येताना वेशीवर बायका रिकाम्या घागरी पालथ्या घालून उभ्या राहायच्या, म्हणे. गुंडू मागच्या बोळानं घरी यायचा. आई विचारायची, "किती गेले?" तो सांगायचा, चार. सहा. एकदा नऊ. आईपाशी आकडा त्यानं कधी कमी केला नाही.

अकरावा सामना घरच्या माळावर, छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी. शेजारचे राजेही बघायला आदल्या दिवशीच येऊन उतरले होते. त्यांच्या देखत धाकट्या सरकारांच्या तोंडून रागाच्या भरात शब्द निघून गेला, "निदान बरोबरी करा. हरलात तर घराकडं वळायचं नाही. माळावरनंच शीव ओलांडायची."

गुंडूला आधी आई आठवली. आपण गेलो तर आईला घास कोण देणार?

त्यात सामन्याच्या सकाळीच पलटणीच्या साहेबानं गोलाचे बांबू हलवून पाहिले आणि मान हलवली. जाड खांब पाहिजेत म्हणाला. दुपारपर्यंत वाळलं लाकूड मिळणार कुठून? गुंडूनं कुंपणाच्या पांगाऱ्याला हात जोडले. जित्या झाडावर घाव घालण्याआधी सुतार माफी मागतो, ती रीतच आहे. तो म्हणाला, "उभा कापतोय, बाबा. माफी कर. तुझ्यासमोर मी खोटं बोलणार नाही." एका गोलाला दोन ओले सोट मिळाले, दुसऱ्याला जुनेच बांबू राहिले. साल काढायलाही उसंत नव्हती. काट्यांसकट सोट रोवले आणि वर आडवा दोर ताणला.

गोलापुढं खेळणारा बापूलाल शिकलगार हसला. "गुंडा, खांब रोवलास का कुंपण घातलंस? चेंडू अडवायचाय, शेरडं न्हाईत!"

सामना सुरू झाला आणि हसू तिथंच संपलं. चेंडू सारखा गुंडूवर येत होता. उत्तरार्धात तो पांगाऱ्याच्या गोलात आला, तोवर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. ती चिंधीनं बांधून तो उभा राहिला. गोल नव्हता कुणाचाच. ऊन उतरलं. आता घटकाभर तग धरला की सुटलो, असं माळावरचं माणूस न् माणूस मनात म्हणत होतं.

तेवढ्यात एका गोऱ्यानं चेंडू हाणला, तो डाव्या खांबावर आदळला. सागाच्या खांबानं तो झिडकारला असता. पांगारा भुसभुशीत, त्यानं चेंडूचा सगळा जोर पिऊन टाकला आणि चेंडू खांबाच्या मुळाशीच पडला. गुंडूनं झेप घेऊन तो छातीखाली दाबला. धुरळा उठला. वाचला, वाचला, म्हणून माळ गरजला.

चुन्याची रेघ पायांखाली कधीच पुसली होती. पंच होता छावणीतला एक म्हातारा सुभेदार. त्यालाही दिसलं नव्हतं. तो वाकला आणि हळूच म्हणाला, "तूच सांग गड्या. गेला का?"

रेघ पुसली तरी सुताराच्या नजरेला या खांबापासून त्या खांबापर्यंत सूत धरलेलं दिसतं. चेंडू सुताच्या चार बोटं आत होता. कोपरानं ओढला असता तर कुणाला कळलं नसतं. दहा गडी त्याच्या तोंडाकडं बघत होते. चुलीपाशी चाचपडणारी आई त्याला दिसली. नाही म्हणायला ओठ हलले, आणि पांगाऱ्याचा काटा गालाला टोचला.

"गेला," गुंडू म्हणाला.

कुणी ओरडलं नाही. गोरेसुद्धा नाहीत, असं सांगतात.

राजाचा शब्द, चारचौघांत दिलेला. तो मागं घेता येईना. अकराही गडी निळ्या सदऱ्यांनिशी शिवेकडं चालू लागले. बापूलाल रडत म्हणाला, "चारच बोटं सरकवायचा होतास रं." गुंडू पुढं चालत राहिला.

शेजाऱ्यांनी सगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "गेला म्हणाला? मग माझाच लेक." दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ती उंबरा ओलांडून, चाचपडत माळावर आली आणि लेकाच्या खांबांना तांब्याभर पाणी घातलं. रोज घालू लागली. चैत्रात दोन्ही सोटांना कोंब फुटले.

ते बघून धाकटे सरकार खाली मान घालून उभे राहिले. खऱ्याला आपण हाकललं, म्हणाले, आणि चारी दिशांना माणसं धाडली. दहा गडी परत आले.

सगुणा पाणी घालत होती. पावलं ओळखून म्हणाली, "बापू, माझा गुंडू?"

परमुलखात गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ होती. बापूलाल तिच्या हातातला तांब्या घेऊ लागला. म्हातारीनं त्याचा हात धरून पांगाऱ्यावर ठेवला. "याच्यासमोर सांग."

"गेला, मावशी."

आजही या माळावर सामना असला की दोन्ही गोलकीपर आधी पांगाऱ्यांना तांब्याभर पाणी घालतात. या गोलात चेंडू शिरला की पंच शिट्टी वाजवत नाही. जवळ जाऊन विचारतो, "गेला का?" गोलकीपर खांबावर हात ठेवून सांगेल ते खरं. आणि तो "गेला" म्हणाला, की जिंकणारेसुद्धा ओरडत नाहीत. घटकाभर सगळा माळ गप्प उभा असतो.