आधी पडायचं

फार पूर्वीची गोष्ट. मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

एका राज्यात एक म्हातारा वस्ताद होता. नदीकाठी त्याची तालीम होती. मधोमध तांबड्या मातीचा हौदा, शेजारी मल्लखांब, भिंतीला टेकवलेल्या लाठ्या आणि दांडपट्टे. कुस्ती, लाठी, पट्टा, मल्लखांब, चारही विद्या तो शिकवायचा.

त्या तालमीची रीत मोठी विचित्र होती. नवा विद्यार्थी आला, की पहिल्याच दिवशी त्याला चारही विद्यांची ओळख करून द्यायची, आणि ती प्रत्येकीत एकदा हरवून. कुस्तीत पाठ मातीला लागायची. लाठीच्या फटक्याने हातातली काठी उडायची. पट्टा फिरू लागला की पाय आपोआप मागे सरायचे. मल्लखांबावरून तर धपकन खालीच! आणि हरवणारा वस्ताद नसायचा. तालमीत त्या नव्याच्या आधी शेवटचा जो आला, तो हरवायचा.

"हरणं आधी कळू दे," वस्ताद म्हणायचा, "जिंकायचं मग शिकवू."

एकदा राजाने आपल्या मुलाला या तालमीत घालायचं ठरवलं. त्याच्या आधी शेवटची आली होती ती कुंभाराची मुलगी. हे कळलं मात्र, राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने निरोप धाडला, "युवराजांना कोणी पाडायचं नाही. पाडणार असाल, तर उद्या सकाळी तालीम जमीनदोस्त होईल."

वस्ताद तेव्हा हौद्यातल्या मातीत ताक आणि तेल कालवत होता. तो म्हणाला, "महाराजांना सांगा, माती मऊ केलीय. युवराजांना लागणार नाही. पण पडावं लागेल."

"अहो वस्ताद, एकदा मान तुकवली तर काय बिघडतं?" निरोप्या कळवळून म्हणाला. "जन्माची कमाई आहे ही तुमची."

खोटं कशाला सांगू? वस्ताद घाबरला होता. तालमीखेरीज त्याला दुसरं काहीच नव्हतं. तरी तो म्हणाला, "एकाला सूट दिली, तर आजवर इथे पडलेल्या सगळ्यांना मी फसवलं असं होईल. नाही जमणार."

सकाळी राजा फौज घेऊन आला. सोबत युवराजही होता. कुंभाराची मुलगी वस्तादाशेजारी हौद्याच्या काठावर उभी होती.

"तो मल्लखांब तोडा!" राजा गरजला.

कोणी हललं नाही. तेव्हा राजाने सेनापतीकडे पाहिलं. सेनापती घोड्यावरून उतरला. त्याने पगडी काढून ठेवली, हौद्यात गेला आणि चक्क उताणा पडला.

"महाराज," तो पडल्या पडल्या म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी मला इथे एका न्हाव्याच्या पोराने लोळवलं. म्हणून पुढे लढाईत जितक्यांदा पडलो, तितक्यांदा उठलो. तालीम मोडायची असेल, तर आधी मला तुडवा."

मग एकेक शिपाई उतरला. सगळे याच मातीत पडलेले! हौदा भरला, तसे उरलेले अंगणात आडवे झाले. घोड्यावर उरले ते दोघेच, ताठ बसलेला राजा आणि शेजारी युवराज.

इतक्यात युवराजाने खाली उडी मारली. शिपायांनी सरकून हौद्यात जागा केली. तो कुंभाराच्या मुलीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "चल, पाड मला."

तिने वस्तादाकडे पाहिलं. वस्तादाने मान डोलावली. आणि धप्प!

राजाने डोळे मिटले. उघडले तेव्हा युवराज स्वतःच्या पायांवर उभा होता, मातीने माखलेला, हसत.

"अजून तीन राहिल्या," तो म्हणाला.

राजाने घोडा वळवला. त्याच्यामागून एकही शिपाई निघाला नाही. सगळी फौज दुपारपर्यंत तिथेच बसून होती, उरलेले तीन धडे बघायला. तालीम पुढे कित्येक वर्षं चालली, आणि रीत तीच राहिली.

तेव्हा मनात पक्कं धरा: ज्याची पडायची तयारी नाही, त्याला उभं राहायला कोणीच शिकवू शकत नाही.